घरबसल्या येणाऱ्या पैशांची वही

लग्नात, बारशाला, बाजारात मासळी घेताना, कुणीतरी विचारतंच: "घरबसल्या पैसे येतात तुमच्याकडे, मग दर रविवारी वही घेऊन का बसता? ॲपवर दिसतं की सगळं." आजवर विषय बदलत आले. आता सांगते.

ॲपवर आलेले पैसे दिसतात. यायचे राहिले ते कुठे दिसतात? कलमाला मोहोर धरला नाही तर वाडीतून जाणारा परका माणूसही सांगतो. शेअरवरचा डिव्हिडंड, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला आपला वाटा, आला नाही तर कुणालाच पत्ता लागत नाही.

पावस गावी माझ्या वडिलांची, अण्णांची, वही होती. आंब्याच्या पेट्या, दलाली, राखणदाराची मजुरी, पै न पै लिहिलेली. शेअर मात्र तीत कधीच नव्हते. "बसून मिळालेला पैसा, तो काय लिहायचा?" २०११ च्या गणपतीत त्यांनी फोनवर विचारलं, ८४ रुपयांचं वॉरंट, म्हणजे डिव्हिडंडचा चेक, आलंय, बँकेत भरायला रत्नागिरीला जाऊ का? मी म्हटलं, "अण्णा, सोडा हो. दिवस मोडेल तुमचा." त्यांनी सोडलं. पुढची सगळीच सोडली.

२०१९ मध्ये अण्णा गेले. त्या पावसाळ्यात ट्रंक उघडली तर सात वॉरंटं दमटपणाने एकमेकांना चिकटलेली. सुरीच्या पात्याने एकेक सोडवत होते. वरच्यावर टाचणीच्या गंजाचा तांबूस डाग, खालच्यांवर तोच फिका होत गेलेला. शेजारी कंपनीचं न फोडलेलं पाकीट. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतलेला नाही, आता शेअरही गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातील, अशी नोटीस. शेअर गेलेही होते. आई शेजारीच बसली होती. तिने फक्त विचारलं, "कुणी सांगितलं होतं त्यांना सोडायला?" मी गप्प बसले. तिला अजून सांगितलेलं नाही.

हक्क बुडत नाही, वारसाला शेअर परत मागता येतात. पण शेअरवर अण्णांचं नाव एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या. आमचा अर्ज एकदा परत आलाय.

म्हणून माझ्या वहीत आधी 'यायला हवं' हा रकाना, मग 'आलं'. वार्षिक सभेत डिव्हिडंड मंजूर झाला की ३० दिवसांत मिळायला हवा. ती तारीख पेन्सिलने लिहिते. एप्रिल २०२० पासून त्यावरचा कर आपणच भरायचा, म्हणून कंपनीने आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, वेगळा लिहून प्राप्तिकर खात्याकडच्या नोंदीशी ताडून बघते. यात चूक काय आहे?

चिपळूणच्या भाड्याचं मात्र माझं मलाच पटत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या तळमजल्याच्या ब्लॉकमध्ये माळ्यापर्यंत चढलं. भाडेकरू ताईंचं होतं नव्हतं ते गेलं. गाळ उपसायला मीही होते. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर प्राप्तिकरात ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला कितीही लागो. त्या वर्षी नुसत्या वायरिंग आणि दरवाजांनाच त्याहून जास्त लागले. तरी तीन महिन्यांचं भाडं मागितलं नाही, मागणारही नाही. पण 'यायला हवं'मध्ये २२,५०० लिहिले.

भाऊ म्हणतो, खोड ते, शोभत नाही. खरंय त्याचं. अण्णांना ८४ रुपये सोडा म्हणणारी मीच ना? पण तेव्हा सोडा म्हटलं आणि काय झालं, तेही मीच पाहिलंय. ताई आता दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता भाडं पाठवतात, आणि ते लिहिताना हात त्याच पानावर जातो.

गेल्या रविवारी ते आकडे पुसट झालेले दिसले. खोडरबर हातात होतं. मी आकडे पुन्हा गिरवले.