आमची वाटचाल : चार काळे ठिपके

गोल्डफिशचा तो लॉट आला तेव्हा धंद्याला तिसरं वर्ष चालू होतं. मासे दिसायला ठणठणीत, रंग पक्का, पंख ताठ. वेगळे ठेवायला टँक रिकामा नव्हता म्हणून थेट विक्रीच्या टँकमध्ये सोडले. आठवड्याभरात ते वरच्या पाण्याला येऊन तोंड उघडझाप करायला लागले, काचेला अंग घासायला लागले. एक कल्ला मिटलेला, दुसरा भराभर हलतोय. अंगावर ठिपका मात्र एकही नाही. घासणं म्हणजे व्हाइट स्पॉट, अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग, एवढंच मला तेव्हा ठाऊक. हिटर 30 अंशांवर नेला, त्यावरचं औषध, मॅलकाइट ग्रीन, टाकलं. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी, त्यात कल्ले निकामी. कितीतरी मासे माझ्या उपचारानेच गेले.

पुरवठादाराने ऐकूनच घेतलं नाही. ‘माल चांगला होता, तुमच्या पाण्यात दोष,’ म्हणाला आणि फोन ठेवला. धंद्यातल्याच एकाने आमच्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, की यांच्याकडचा मासा नेलात तर घरचा टँक बसेल. ते खरंच होतं. पण त्याचाही माल त्याच पुरवठादाराकडून यायचा, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याच महिन्यात माझा भागीदार बाजूला झाला. निम्म्याहून जास्त टँक कोरडे पडले होते.

तेव्हा एक ताई आल्या. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, आमच्याकडून नेलेला त्यांचा ओरांडा, म्हणजे गोल्डफिशचीच एक जात, धापा टाकत होता. भांडायला आल्या असतील असं वाटलं. त्यांनी पिशवीतून लॅबमधून बाद झालेला मायक्रोस्कोप काढला. मी मेलेला मासा पुढे केला तर म्हणाल्या, ‘हा नको. मासा मेला की किडे त्याला सोडतात. धुगधुगी असलेला द्या.’ कल्ल्याचा इवलासा तुकडा काचपट्टीवर, पाण्याचा एक थेंब, वर कव्हरस्लिप. मी डोळा लावला. कल्ल्याच्या तंतूंत आकडे रुतवून एक लांबट किडा आखडत होता, ताणत होता. डोक्याकडे चार काळे ठिपके. डॅक्टिलोगायरस, कल्ल्यातला फ्लूक, माशावर जगणारा चपटा किडा. जायरोडॅक्टिलस हा दुसरा फ्लूक, त्याला ते ठिपके नसतात, तो बहुतेक कातडीवर सापडतो आणि थेट पिल्लं देतो. हा अंडी घालतो, आणि तिथेच आम्ही पुन्हा फसलो. प्राझिक्वांटेल या किड्यांवरच्या औषधाचा पहिला डोस दिला, मासे शांत झाले, मी विक्री सुरू केली. थोड्याच दिवसांत घासणं परत. अंड्यांना ते औषध बाधत नाही! मग डोस पुन्हा, दर डोसआधी कल्ल्याची तपासणी. तिसऱ्या डोसनंतर काचपट्टी स्वच्छ निघाली. ताईंनी एक पैसा घेतला नाही.

पुढची वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना मात्र सांगतो. नवा लॉट महिनाभर वेगळा ठेवा, त्याची जाळीही वेगळी, ओली जाळी या टँकमधून त्या टँकमध्ये नाही. औषध टाकण्याआधी फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. फॉर्मॅलिन हेही किड्यांवरचं औषध, त्याच्या बाटलीत पांढरा गाळ दिसला तर ती वापरू नका, तो माशांना विषारी असतो. आणि व्हाइट स्पॉटचे ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका. अंगावरून सुटलेला किडा तळाशी बसून शेकडो पिल्लं करतो, औषध लागू पडतं ते त्या पोहणाऱ्या पिल्लांनाच. बोटियासारख्या नाजूक कातडीच्या माशांना डोस जपून.

मायक्रोस्कोप अजून काउंटरमागे आहे, लेन्स ताई स्वतः पुसतात. काल आलेल्या लॉटमधल्या एका गोल्डफिशच्या कल्ल्यात पुन्हा चार ठिपके दिसले. त्यातला एकही मासा विक्रीच्या टँकमध्ये गेलेला नाही. पुरवठादाराला व्हिडिओ पाठवलाय. यावेळी पाण्याला दोष देता येणार नाही, मासे अजून त्याच्याच पिशवीतल्या पाण्यात होते.