लिओ, गॅब्रिएल आणि ती मैत्रीण

काल रात्री परत 'द वे ही लुक्स' बघितला, २०१४ चा ब्राझीलचा पिक्चर, डॅनियल रिबेरोचा. लिओला दिसत नाही, वर्गात त्याचं ब्रेलचं मशीन खडखडतं म्हणून पोरं टिंगल करतात, आणि मग वर्गात नवा मुलगा गॅब्रिएल येतो. तो आपली हुडी लिओच्या घरी विसरतो नि लिओ रात्री ती हुंगत पडतो, बास, संवाद वगैरे काही नाही, पण माझ्या पोटात कालवलं राव. सगळे या दोघांबद्दलच बोलतात, मला मात्र लिओची मैत्रीण जिओवाना आठवत राहते, रोज त्याला घरापर्यंत सोडणारी. मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थच 'आज मला एकट्याला घरी जायचंय' असा काहीसा, म्हणजे टायटलमध्येच कटाप बिचारी! रुसणार नाही तर काय करेल?