बाबांचं थकलेलं भाडं

बाबा नोव्हेंबर 2018 मध्ये गेले आणि फेब्रुवारीत माझ्या गोव्यातल्या फोंड्याच्या पत्त्यावर पत्र आलं. बाबांचं नाव, त्यापुढे 'यांचे कायदेशीर वारस'. बाबा ज्या खोलीत एकटे राहायचे ती एका सरकारी संस्थेने अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या वसाहतीतली. भाडं महिना 400 रुपये. पत्राप्रमाणे एप्रिल 2007 पासून बाबा जाईपर्यंतचं सगळं भाडं थकलेलं होतं: मुद्दल 56,000, त्यावर व्याज, आणि बाबांच्या नंतर खोली अडवून ठेवल्याचा दंड वेगळा. सगळं मिळून लाखाच्या वर. मुदतीत भरा, नपेक्षा वारसांविरुद्ध कारवाई.

बाबा पैसे बुडवणाऱ्यांतले नव्हते. 2007 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर वसाहतीत कुणीतरी सांगून गेलं की ही घरं राहणाऱ्यांच्याच नावावर होणार, आता भाडं भरू नका. छपरं गळत होती, दुरुस्ती होत नव्हती, लोक चिडलेलेच होते. सगळ्या वसाहतीने भाडं थांबवलं. घरं कुणाच्या नावावर झाली नाहीत, आणि भाडं मागायलाही कुणी आलं नाही. वर्षामागून वर्षं गेली.

पत्रावरून घरात तीन मतं झाली. दादा पुण्याला असतो. तो म्हणाला, बाबांचं कर्ज डोक्यावर नको, माझा वाटा आजच पाठवतो. ताईचं म्हणणं, सगळं भरून टाकू आणि खोली तिच्या मुलाच्या नावावर करून घेऊ, कारण उद्या ना परवा त्या खोल्या भाडेकरूंना विकायला काढणारच. मी औषधाचं दुकान चालवतो. माझ्या उधारीच्या वहीत अशी काही नावं आहेत की ती माणसं आता नाहीत, त्यामुळे मला पहिला प्रश्न हाच पडला की वही मुलाच्या नावावर चालते का?

सावंतवाडीचा मावसभाऊ वकिली करतो. त्याने फोनवर सांगितलं, "अरे, बापाचं कर्ज मुलाने फेडायचं हे धर्मकर्तव्य आता कोर्ट मानत नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 ला दुरुस्ती झाली तेव्हाच ते संपलं." मला हायसं वाटलं. पण गोव्यात तो कायदा चालत नाही हे सीमेपलीकडच्या नातेवाइकांच्या कधीच लक्षात राहत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा, आणि आता तिच्या जागी 2016 च्या डिसेंबरपासून लागू झालेला गोव्याचा स्वतःचा वारसा आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी करण्याचा, कायदा. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना तोच.

आधी त्या ऑफिसात जाऊन आलो. टेबलावरचा माणूस सौजन्याने बोलला, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "बापायचें रीण न्हय तें? फारीक करून सोडात आनी मेकळे जायात." म्हणजे बापाचंच कर्ज, फेडून टाका आणि मोकळे व्हा. मग खणातून छापील कागद काढला. हमीपत्र. खाली सही करणारा वारस वरील सर्व थकबाकी मान्य करतो आणि ती हप्त्यांनी भरण्याची हमी देतो. हप्ते पाहिजे तेवढे पाडून देतो म्हणाला. कागद घरी नेऊन वाचतो म्हटलं, तर त्याचा चेहरा थोडा उतरला.

म्हापशाच्या वकील मॅडमनी तो कागद बघितल्याबरोबर विचारलं, "सही केली नाहीत ना?" बाबांचं देणं होतं ते बाबांच्या मालमत्तेचं. त्या कागदावर माझी सही पडली असती की ते माझं झालं असतं, माझ्या दुकानासकट. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुदत संपून गेलेलं कर्जसुद्धा लेखी वचन दिलं की पुन्हा वसूल करता येतं. करार कायद्याच्या कलम 25 मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे तो हप्त्यांचा चांगुलपणा वर्षानुवर्षांचं मेलेलं देणं जिवंत करणारा होता. त्या टेबलावरच्या माणसाला हे माहीत होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे छापील कागद होता, तो त्याने पुढे केला.

मॅडमचा दुसरा प्रश्न होता, "बाबांनी मागे काय ठेवलंय?" कायद्याचा सगळा रोख तिथे आहे. मृत माणसाच्या देण्यासाठी वारस जबाबदार असतो तो त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरता. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 52 हेच सांगतं. सरकारी जागांच्या भाड्याबाबत केंद्राचा 1971 चा कायदा आहे, त्याच्या कलम 13 मध्येही वारसांची जबाबदारी अशीच बांधून दिलेली आहे. सरकारी जागांबाबत गोव्याचा स्वतःचा कायदा 1988 चा.

मग यादी करायला बसलो. बँकेत 31,000 रुपये, नॉमिनी मी. मला वाटत होतं नॉमिनी म्हणजे पैसे माझे. तसं नसतं, नॉमिनी फक्त पैसे उचलून वारसांसाठी सांभाळतो, म्हणून ते यादीत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना 2,000 बाबांना मिळायचे. त्यांचा एक हप्ता मृत्यूनंतर खात्यात पडला होता, तो बाबांचा नाहीच, परत करायचा. एक अंगठी, फ्रिज, खाट, टीव्ही. अंत्यसंस्काराचा आणि बाराव्याचा खर्च मॅडमनी वजा बाजूला घालायला लावला, पावत्यांसह. आणि शेवटी पेडण्याचं मूळ घर. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, खाली वारस इतके की मोजताना चुकायला होतं, पण त्यात बाबांचा वाटा आहेच.

या वाट्यामुळे आमचं सोपं उत्तर गेलं. खिशात काही नसलेला माणूस गेला असता तर संस्थेला एवढंच कळवायचं होतं की मागे काही नाही, घ्यायचं तर कुठून घेणार. आमचं तसं नव्हतं. लाखभर रुपये त्या घराच्या वाट्यातून निघाले असते. वारसा सोडून देण्याची सोय गोव्यात आहे. स्पेशल नोटरीकडे, म्हणजे असे वारशाचे दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊन दस्त करावा लागतो. पण सोडायचा तर पूर्ण सोडायचा. देणं नको आणि पेडण्याची जमीन हवी, हे चालत नाही. दादा लगेच म्हणाला, जमीन सोडायची नाही. मग राहिला हिशेब तपासण्याचा रस्ता.

संस्थेकडे खोलीचं खातं, करारनामा आणि बाबांना पाठवलेल्या सगळ्या नोटिसांच्या प्रती माहिती अधिकाराखाली मागितल्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, दिलं. नोटिसांच्या रकान्यात 'उपलब्ध नाही'. करारात जामीनदाराची जागा रिकामी होती, म्हणजे आमच्यापैकी कुणी बाबांना जामीन राहिलेलं नव्हतं. राहिलो असतो तर मालमत्ता बिलमत्ता काही नाही, सरळ आमच्या अंगावर आलं असतं. खात्यात 2017 च्या नऊ महिन्यांचं भाडं जमा दाखवलेलंच नव्हतं, आणि त्या नऊ पावत्या ताईला एलआयसीच्या कागदांत सापडल्या होत्या. त्या वर्षी बाबांनी भाडं का भरायला घेतलं आणि पुन्हा का थांबवलं, कुणालाच ठाऊक नाही.

मुख्य मुद्दा मुदतीचा. थकलेल्या भाड्यासाठी मुदत कायद्याने तीन वर्षं दिली आहेत, प्रत्येक महिन्याचं भाडं देय झाल्यापासून तीन. सरकारी जागेच्या कायद्याखाली वसुली करायची म्हटली तरी मुदतबाह्य भाडं त्यातून घुसवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1976 मध्येच सांगितलंय, नवी दिल्ली नगरपालिका विरुद्ध काळूराम या खटल्यात. एक सावधगिरी मॅडमनी दिली ती इथे लिहितो: जागा थेट राज्य सरकारची असेल, म्हणजे खात्याचं क्वार्टर वगैरे, तर सरकारच्या दाव्याला मुदत तीस वर्षांची आहे. आमची मालक संस्था कायद्याने स्थापन झालेली, वेगळं अस्तित्व असलेली होती, म्हणून तीन. आपल्या करारावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी वाचावं.

तर तीन वर्षं मागे मोजून मार्च 2016 ते नोव्हेंबर 2018 असे 33 महिने, 13,200 रुपये. त्यातून पावत्यांचे 3,600 गेले. उरले 9,600 आणि करारातल्या दराने त्यावरचं व्याज. लाखाचं हे झालं.

खोलीचं काय करायचं यावर मात्र ताईशी वाजलं. भाडेकरूची जागा आपल्या नावावर हवी असेल तर ते ऑफिस सगळी जुनी बाकी भरून घेणार होतं. ती त्यांची अट, वारसा म्हणून आलेलं देणं नव्हे. हवं तर भरा, नको तर खोली सोडा. ताईला मी हिशेब मांडून दाखवला. कधी विकायला काढतील, काढतील की नाही, भाच्याला त्या उत्पन्न गटात बसवतील की नाही, यातलं काहीच हातात नसताना लाख रुपये घालायचे? ती रडली नाही, भांडली. बाबांची शेवटची जागा तू सोडतोस, म्हणाली. पण भाच्यानेच सांगितलं की मला वेर्ण्याला नोकरी आहे, मी त्या खोलीत राहायला जाणार नाही.

सोडायची म्हटल्यावर घाई करायची असते, हे कुणी सांगत नाही. बाबा जाईपर्यंतचं भाडं त्यांच्या मालमत्तेवर, पण त्यानंतर किल्ली ज्याच्या हातात, पैसे त्याच्या खिशातून. भाडेपट्टा माणूस गेला म्हणून आपोआप संपत नाही आणि खोलीत सामान असलं की ताबा आपलाच धरतात. ऑफिस म्हणालं वारसाचा दाखला आणा, मग किल्ली घेऊ. दाखला म्हणजे गोव्यात वारसा हक्काचा दस्त. त्यात तीन माहीतगार माणसांनी नोटरीपुढे सांगायचं की हेच वारस, दुसरे कोणी नाहीत, आणि वर्तमानपत्रात जाहिरात. शिवाय नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात म्हणून वहिनी, भावोजी, माझी बायको, सगळ्यांची नावं आणि लग्नाचे दाखले. तो दस्त पेडण्याच्या घरासाठी पुढे केलाच. पण किल्लीसाठी त्याची वाट बघत बसायची नाही, असं मॅडमचं मत. तिघांच्या सह्यांचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं की अमुक तारखेला ताबा देत आहोत. त्या दिवशी शेजारच्या दोघांना साक्षीला घेतलं, रिकाम्या खोलीचे आणि विजेच्या मीटरचे फोटो काढले आणि किल्ली ऑफिसच्या आवक टेबलावर पोच घेऊन दिली. वीज खात्याचं आणि पाण्याचं शेवटचं बिल त्याच आठवड्यात भरलं.

डिसेंबर ते मार्च हे चार महिने किल्ली ताईकडे होती, तेवढे 1,600 आम्ही तिघांनी आपल्या खिशातून दिले. दंडाचा दर मात्र मान्य केला नाही, आणि त्यांनीही ताणलं नाही.

मोठ्या साहेबांपुढे सुनावणी झाली तेव्हा पावसाळा लागला होता. साहेबांना अडचण ऑडिटची होती. जुनी बाकी सोडली तर उद्या मला विचारतील, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, सोडू नका, मुदतबाह्य म्हणून नोंद करा. या एका शब्दरचनेवर बराच वेळ गेला. अनामत 2,400 होती, ती आम्ही 9,600 मधून वजा मागितली. साहेब म्हणाले ती जुन्या बाकीत वळती करणार. मला राग आला, पण मॅडमनी खुणेने थांबवलं. मुदत संपली की दावा लावता येत नाही, देणं पुसलं जात नाही. हातात असलेली रक्कम ते जुन्यात धरू शकतात. त्याच कारणाने चेकसोबतच्या पत्रात आम्ही स्पष्ट लिहिलं की ही रक्कम मार्च 2016 ते नोव्हेंबर 2018 याच महिन्यांच्या भाड्याची आणि व्याजाची आहे. असं लिहिलं नाही तर घेणारा ती कुठल्याही जुन्या बाकीत, मुदतबाह्यसुद्धा, टाकायला मोकळा असतो.

चेक बाबांच्या पैशांतून दिला. उरलेल्याचे तीन वाटे केले. दादाने आपला वाटा घेतला नाही. कर्ज फेडलंय असं त्याला अजूनही वाटत नाही, आणि ते मी त्याच्याशी वाद घालून बदलू शकलो नाही.

'काहीही येणे बाकी नाही' हे पत्र चेक वटल्यावर लगेच मिळालं नाही, मागत राहावं लागलं. मिळालं तेव्हा त्यात बाबांचं नाव होतं, वारसांचा उल्लेखच नव्हता. ते परत देऊन तिघांची नावं घालून दुसरं घेतलं. त्याच्या प्रती तिघांकडे आहेत, एक वकील मॅडमकडे, आणि मूळ माझ्या दुकानातल्या लायसन्सच्या फाइलीत.