घाम दिसत नाही तिथे

फोंडा, 18 मे

वारा पडलाय. दोरीवर कपडे घालून आत येईपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटला. पारा 33-34 अंशांपुढे गेला नसेल, पण हवेत ओल इतकी की आलेला घाम वाळायचे नाव घेत नाही. पहिला पाऊस पडेपर्यंत हे असेच.

माझ्या डोक्यात मात्र दुसराच उन्हाळा आहे. जूनअखेर आम्ही धाकटीकडे कॅलिफोर्नियाला जातोय आणि तिने दोन दिवस डेथ व्हॅलीचे, म्हणजे तिथल्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाचे, ठरवलेत. हे तर हरखून गेलेत. डिचोलीच्या खाणीवर उभा जन्म गेला, दगडमाती म्हटली की यांना बाकी काही सुचत नाही. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली असलेले बॅडवॉटरचे मिठाचे मैदान, झॅब्रिस्की पॉइंटचे पिवळे डोंगर, सगळे बघायचेय. उन्हाचा विषय काढला की एकच उत्तर. "अगं, मे महिन्यात खाणीवर उभा राहिलेला माणूस मी. मला काय ऊन लागणार?"

मला याच वाक्याची भीती वाटते.

खाणीवर यांना ऊन कळायचे ते घामावरून. सदरा भिजला, डोळ्यांत खारे पाणी उतरले की हे सावली गाठायचे, घागरीतले पाणी प्यायचे. तिथे ही खूण मिळणारच नाही. हवा एवढी कोरडी की घाम कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो. अंग कोरडे, सदरा कोरडा, आणि चालता चालता तासाभरात लिटरभर पाणी अंगातून गेलेले असू शकते. वाऱ्याचाही आधार नाही. कातडीचे तापमान 35 अंशांच्या आसपास असते. वाराच 48 अंशांचा असला तर तो अंग तापवणार. म्हणून तहान लागण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघून प्यायचे. उद्यानवाले माणशी दिवसाला निदान 4 लिटर सांगतात. नुसते पाणीही पीत सुटायचे नाही, घामाबरोबर मीठही जाते. मी सोलां, म्हणजे आमसुले, बांधून नेणार आहे. मीठ-साखर घालून सरबत करता येईल, आणि ते हे नको म्हणणार नाहीत.

तिथल्या फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंशांची नोंद झाली होती, ती अजून जगातली सर्वाधिक मानली जाते. पण माझी झोप उडवली ती जुलै 2024 च्या बातम्यांनी. 53 अंशांच्या दिवशी मोटारसायकलवरून आलेला एक प्रवासी उष्म्याने गेला. त्याच महिन्यात वाळूच्या टेकड्यांवर एकाच्या चपला सुटल्या आणि तळपाय खोलवर भाजले. दोन्ही वेळा हेलिकॉप्टर तिथवर पोचू शकले नाही. हवा तापली की विरळ होते, पंख्याला उचल मिळत नाही. म्हणजे ज्या वेळी मदतीची सर्वांत जास्त गरज, नेमकी तेव्हाच ती यायला उशीर. हे मी यांना वाचून दाखवले. काही बोलले नाहीत, पण चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचले.

संध्याकाळी धाकटीशी बोलले. "आई, उगाच घाबरतेस गं, गाडीत एसी आहे ना!" गाडी बंद पडली तर? बऱ्याच भागात फोनला रेंज नाही. मग गाडी सोडून चालत निघायचे नाही, तिच्याजवळच थांबायचे. गाडी सावली देते आणि शोधणाऱ्याला लांबून दिसते. टाकी भरूनच आत शिरायचे, पिण्याखेरीज जादा पाण्याचे कॅन डिकीत ठेवायचे. खाली दरीत चालायचे ते उजाडताना, दहाच्या आधी परत. दुपारी डांटेज व्ह्यूला चढायचे. ते 1,669 मीटरवर आहे, खालच्यापेक्षा बरेच थंड. पायात बूट, चपला नाहीतच. हे सगळे तिने मुकाट्याने लिहून घेतले.

खरे तर हिवाळ्यातच जावे अशी ही जागा. पण तिची सुट्टी तेव्हाची, आणि यांचे गुडघे पुढच्या वर्षी काय म्हणतील कोण जाणे. त्यांना ते मीठ, तो दगड बघायला मिळावा असे मलाही मनापासून वाटते.

एक गोष्ट धाकटीला दोनदा बजावली. बाबा अडखळत बोलायला लागले, भलतेच काही सांगायला लागले किंवा उगीच चिडले, तर त्यांना "बरं वाटतंय का?" विचारत बसू नकोस. ऊन डोक्यात गेले की माणसाला स्वतःचे कळत नाही. सावलीत न्यायचे, अंगावर पाणी ओतायचे, काखेत नि मानेला बर्फ लावायचा आणि लगेच मदत बोलवायची.

यांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. अंगातले पाणी तीही कमी करते. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचेच आहे, तेव्हा त्या दोन दिवसांत ती कशी घ्यायची ते विचारून चिठ्ठीवर लिहून आणायचे.