कागदावरचा तपकिरी ठिपका
आज जमलं! रक्तातली साखर मोजायला कागदाची पट्टी करायचा खटाटोप चालू आहे. साध्या फिल्टर पेपरवर मेणाची वर्तुळं आखली, आत ग्लुकोज ऑक्सिडेज, पेरॉक्सिडेज ही दोन एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) आणि पोटॅशियम आयोडाइड. पहिलं एन्झाइम ग्लुकोजपासून, म्हणजे साखरेपासून, हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, दुसरं त्याच्या जोरावर आयोडाइडचं तपकिरी आयोडीन करतं. डेसिलिटरला ९०, १८०, ३६० मिलिग्रॅम ग्लुकोज असलेल्या द्रावणांचे थेंब टाकले आणि तपकिरी रंग पायरीपायरीने गडद होत गेला. अंगावर काटा आला.

सकाळची खेप वाया गेली होती. नागपूरचा मे, त्यात लाइट गेलेली. एन्झाइम गरमीने निकामी. मग सगळं बर्फाच्या डब्यात.

रक्ताचा लाल रंग अजून आड येतो. आईने फोनवर विचारलं, "मग बोट टोचाचं काम नाही ना बाप्पा?"

टोचावं लागेलच, आई. पण पट्टी स्वस्त करायचीच आहे मला.