राखाडी की काळा

ट्रकच्या दुरुस्तीसाठी मी स्पेअर पार्टच्या दुकानात चार चकरा मारल्या, त्यातल्या तीन हाताच्या तळव्याएवढ्या एका इग्निशन मॉड्यूलसाठी. एक चकर जाऊन-येऊन चाळीस मैलांची. काम होऊन तीन आठवडे झाले, ट्रक मस्त चालतोय, पण त्या दुकानावरून जाताना अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा लिहूनच टाकते.

ट्रक म्हणजे १९९२ सालची फोर्ड एफ-१५०. ४.९ लिटरचं इंजिन, एका रांगेत सहा सिलिंडर. हे इंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत बनत होतं. त्याला टायमिंगची चेन नाही की पट्टा नाही, सगळं गिअरवर. इथे ओहायोत शेतीवाली म्हातारी माणसं अजून त्याचं नाव कौतुकाने घेतात. आमच्या घरात मात्र नवऱ्याच्या मते ते भंगार आहे. मला खत, लाकडं, मातीची पोती आणायला लागतो तो ट्रक, म्हणून मी तो विकत नाही.

थंडी सुरू झाली आणि गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटायचा चुकायचा. अण्णांना फोन लावला. अण्णांचं सांगलीत गॅरेज होतं, उभी हयात पद्मिनी आणि अँबेसिडरखाली गेली. फोन इंजिनाजवळ धरला तर दहा सेकंदांत म्हणाले, "अगं, करंट कुठंतरी गळतोय. काँटॅक्ट पॉइंट साफ केलेस का?" म्हटलं, अण्णा, यात पॉइंटच नाहीत, इलेक्ट्रॉनिक आहे. "बरं. मग रात्री अंधार पडू दे. बॉनेट उघड, इंजिन चालू ठेव, वायरींवर स्प्रेच्या बाटलीने नुसतं धुकं मार पाण्याचं. हात लावू नको." रात्री तसं केलं आणि तिसऱ्या वायरीच्या बुटाशी (टोकाच्या रबरी टोपीशी) निळ्या मुंग्या धावताना दिसल्या. ही युक्ती फुकटातली आहे, आणि १९९६ च्या आधीच्या गाड्यांना हल्लीचे स्कॅनर जोडता येत नाहीत, त्यामुळे असल्या युक्त्यांचाच आधार.

पहिली चकर स्पार्क प्लग, वायरी आणि डिस्ट्रिब्युटरच्या (हा प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटतो) कॅप आणि रोटरसाठी. काउंटरवरच्या मुलाने कीबोर्ड बडवला आणि आठ प्लग समोर ठेवले. म्हटलं, सहा. तो म्हणाला, एफ-१५० ना, आठ. त्याने व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन निवडलं होतं. अशा वेळी वाद घालायचा नाही, गाडीचा सतरा अक्षरी व्हिन नंबर पुढे करायचा. त्यातलं आठवं अक्षर इंजिन सांगतं, माझ्यात ते वाय आहे, म्हणजे ४.९. दहावं अक्षर साल सांगतं, एन म्हणजे १९९२. हे दोन मला तोंडपाठ आहेत आता, नवऱ्याचा फोन नंबर नाही.

प्लगमध्ये तो इरिडियमचे दाखवत होता, तिप्पट किमतीचे. मी साधे तांब्याच्या गाभ्याचे घेतले. डिलकोवाल्या गाडीत (सांगलीत डिस्ट्रिब्युटरला डिलकोच म्हणतात) साधे प्लग पुरतात, फक्त तीसेक हजार मैलांनी बदलावे लागतात आणि तेवढं मी ट्रक चालवेपर्यंत मुलगी कॉलेजला जाईल. कॅपमध्ये मात्र कंजूषपणा केला नाही. स्वस्त कॅपचे आतले बिंदू अ‍ॅल्युमिनियमचे असतात, त्यांवर पांढरी बुरशी चढते. पितळी घ्या. वायरी कार्बन गाभ्याच्याच घ्या, रेसिंगवाल्यांच्या नुसत्या तांब्याच्या नकोत, त्यांनी रेडिओ खरखरतोच, शिवाय गाडीचा कॉम्प्युटरही गोंधळतो.

हे सगळं एका शनिवारी दुपारी बसलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वायर एकेकच काढून एकेकच बदलली, म्हणून १-५-३-६-२-४ हा ठिणगीचा क्रम कागदावर लिहून ठेवला होता तो लागलाही नाही. प्लगची फट ०.०४४ इंच, म्हणजे साधारण १.१ मिलिमीटर. अण्णांनी ऐकून "एवढी?" म्हणून दोनदा विचारलं. पद्मिनीत याच्या निम्मी ठेवायचे ते.

मिसिंग गेलं. मी दोन दिवस स्वतःवर फार खूश होते.

तिसऱ्या दिवशी लाकडं घेऊन येताना, वीसेक मिनिटं चालल्यावर ट्रक रस्त्यात बंद पडला. स्टार्टर फिरतोय, करंट नाही. अर्धा तास थंडीत बसले, मग असा चालू झाला की जणू काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गरम झालं की मरतं आणि गार झालं की जिवंत होतं, तेव्हा संशय मॉड्यूलवर. डिलकोच्या कुशीला स्क्रूने बसवलेली चपटी डबी, कॉईलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) करंट कधी द्यायचा आणि कधी तोडायचा हे काम तिचं. पूर्वी जे पॉइंट करायचे तेच. तीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत बसून ती थकली तर तिला काय बोलणार.

आता खरी कथा.

दुसरी चकर. पडद्यावर दोन मॉड्यूल आले. मुलाने विचारलं, राखाडी की काळा? मी म्हटलं, काय फरक? तो म्हणाला, रंगाचा.

फरक रंगाचा नाही. साचा तोच, वायरीचा कनेक्टरही तोच, पण राखाडीत कॉईलला किती वेळ करंट भरायचा हे मॉड्यूल स्वतः ठरवतं, काळ्यात ते गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. एकाच्या जागी दुसरा बसतो, कधीकधी गाडी चालूही होते, आणि मग नसते आजार सुरू होतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि काउंटरवर कुणालाच माहीत नव्हतं. मी पार्किंगमध्ये जाऊन बॉनेट उघडलं, मोबाईलचा टॉर्च मारला, डबी काळी दिसली. काळा द्या म्हटलं.

ही चूक माझी, कबूल. तीस वर्षांच्या इंजिनात सगळंच काळं असतं.

घरी येऊन डबी काढायला घेतली. त्याचे दोन स्क्रू साध्या पान्याला दाद देत नाहीत, ५.५ मिलिमीटरचा पातळ भिंतीचा सॉकेट लागतो, तो आधी आणून ठेवा. आणि स्क्रू सुटल्यावर डबी सरळ ओढू नका. आधी खाली सरकवायची, मग बाहेर, नाहीतर डिलकोत शिरलेल्या तिच्या तीन पिना मोडतात. मी सरकवली, बाहेर आली, चिंधीला ब्रेक क्लीनर लावून पुसली. एक कोपरा पुसला आणि पोटात गोळा आला. राखाडी. अजून पुसलं, अजून राखाडी. स्वच्छ, हत्तीच्या पाठीसारखी राखाडी.

तिसरी चकर. भिंतीवर पाटी: इलेक्ट्रिकल वस्तू परत घेतल्या जाणार नाहीत. मी म्हटलं, बसवलेलाच नाही. मुलगा म्हणाला, सील फुटलंय. मी म्हटलं, सील फोडल्याशिवाय रंग कसा दिसणार, खोक्यावर तर रंग लिहिलेला नाही. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. मी मॉड्यूल उलटा करून काउंटरवर ठेवला. हे बघा, बसवताना लावतात त्या पेस्टचा मागे डाग नाही. पिनांवर ओरखडा नाही. तो पाटीकडेच बघत होता. मागे चार माणसं रांगेत, एकाच्या हातात वायपर, तो मोठ्याने उसासे टाकत होता.

मग मी म्हटलं, ठीक आहे, माझा जुना तरी तपासून द्या, तुम्ही फुकट तपासता ना. त्याने मशीनला लावला. पास. "मॅम, तुमचा चांगला आहे." म्हटलं, गारठलेला आहे, पुन्हा लावा. पास. पुन्हा. तिसऱ्या-चौथ्यांदा तो वैतागला, पण बटण दाबत राहिला, आणि सहाव्या वेळी डबी हाताला गरम लागायला लागल्यावर लाल दिवा लागला. त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने काळा परत घेतला आणि राखाडीचं खोकं दिलं. मी विजयी मुद्रेने घरी. अण्णांना फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं.

फोन ठेवला आणि खोकं उघडलं.

खोक्यावरचा नंबर बरोबर. आत राखाडी मॉड्यूल, बरोबर. मागे वाळलेली पांढरी पेस्ट, एका स्क्रूच्या भोकाला गंज, आणि कडेला कुणाच्या तरी काळ्या अंगठ्याचा ठसा. कुणीतरी नवा काढून घेऊन स्वतःचा मेलेला जुना त्यात घालून परत केला होता, आणि दुकानाने न बघता चिकटपट्टी लावून तो फळीवर ठेवला होता. ज्या दुकानात इलेक्ट्रिकल वस्तू परत घेत नाहीत त्या दुकानात. नीट पाहिलं तर खोक्याला चिकटपट्टीचे दोन थर होते. हे मला काउंटरवरच दिसायला हवं होतं, पण मी जिंकण्याच्या नादात होते.

चौथ्या चकरेला नवऱ्याने स्वतःहून त्याची गाडी दिली, बोलला काहीच नाही. मॅनेजरनेही या वेळी वाद घातला नाही. त्यांच्याकडे दुसरा राखाडी होता, मी तो तिथेच उघडला, मागून-पुढून बघितला, आणि जुन्या खोक्यावर काउंटरवरचा मार्कर उचलून मोठ्या अक्षरांत ‘वापरलेला’ असं इंग्रजीत लिहिलं. मुलगा काही म्हणाला नाही. तुम्हीही पैसे देण्याआधी खोकं त्यांच्याच देखत उघडा.

बसवताना मागे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची, पातळ, पावाला लोणी लावतो तशी. ती न लावता बसवला तर नवाही लवकर जळतो. त्या दिवशी हीटर लावून तासभर फिरले, मुद्दाम लांबून, मुद्दाम चढावरून. बंद पडला नाही.

एक राहिलं. ठिणगीचं टायमिंग बघायचं असेल तर डिलकोजवळच्या वायरीतला स्पाउट नावाचा पिटुकला कनेक्टर आधी काढावा लागतो, मग टायमिंग लाइटने १० अंश आहेत का बघायचं. अण्णा व्हिडिओ कॉलवर होते, त्यांनी "शाब्बास" म्हटलं. तो कनेक्टर परत लावायचाही असतो. माझा जीन्सच्या खिशात राहिला आणि ट्रक दोन दिवस म्हशीसारखा चालला, चढावर तर चालतच नव्हता. तिसऱ्या दिवशी तो कपडे धुताना मशीनमध्ये सापडला. अण्णांना हे सांगितलेलं नाही.