वर्गणी भरावी की विकत घ्यावे?

विंडोजचे रूप बदलणारे प्रोग्राम सुटे विकत घ्यावेत की वार्षिक वर्गणीवर, असे मला अनेकजण विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा स्टारडॉक या अमेरिकी कंपनीची उत्पादने असतात: डेस्कटॉपवरचे आयकॉन चौकटींत लावून ठेवणारे फेन्सेस, स्टार्ट मेनू बदलणारे स्टार्ट११, विंडोंच्या कडा आणि शीर्षकपट्ट्या पालटणारे विंडोब्लाइंड्स, आणि असे प्रोग्राम एकत्र देणारा ऑब्जेक्ट डेस्कटॉप हा संच, जो १९९५ मध्ये मुळात आयबीएमच्या ओएस/२ प्रणालीसाठी निघाला होता.

गरज एखाद्याच प्रोग्रामची असेल, तर तो सुटा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ही खरेदी आयुष्यभराची समजू नये. हिशेबाचा एखादा जुना प्रोग्राम वर्षानुवर्षे जसाच्या तसा चालू शकतो. पण हे प्रोग्राम विंडोजच्या ज्या भागांत शिरून काम करतात, ते भाग मायक्रोसॉफ्ट आपल्या सोयीने बदलत असते. २०१२ मध्ये विंडोज ८ ने नेहमीचा स्टार्ट मेनू काढून टाकला तेव्हा स्टार्ट८ आले, २०१५ मध्ये विंडोज १० साठी स्टार्ट१०, आणि २०२१ मध्ये विंडोज ११ साठी पडद्याच्या तळाचा टास्कबार नव्याने लिहिला गेला, तो पडद्याच्या वर किंवा बाजूला नेण्याची जुनी सोयही गेली, तेव्हा स्टार्ट११. सुटी खरेदी करणाऱ्यालाही प्रत्येक वळणावर पुन्हा खिशात हात घालावा लागतो. म्हणून तीन-चार प्रोग्राम रोज वापरणाऱ्याला आणि विंडोजची नवी आवृत्ती लगेच घेणाऱ्याला संचाची वर्गणी खरोखरच स्वस्त पडू शकते.

तरीही वर्गणीबद्दलचा लोकांचा अविश्वास मला रास्त वाटतो. अडोबीने २०१३ मध्ये फोटोशॉपसारख्या प्रोग्रामांच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. पैसे थांबले की प्रोग्रामही थांबतो. कालपर्यंत आपल्या संगणकावर नीट चाललेली वस्तू केवळ तारीख उलटली म्हणून बंद पडावी, हे मला अन्यायाचे वाटते. प्रोग्रामरांसाठी साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्स या कंपनीने २०१५ मध्ये वर्गणी आणली तेव्हा प्रोग्रामरांनी जोरदार विरोध केला, आणि कंपनीने सलग वर्षभर पैसे भरणाऱ्याला एक ठरावीक आवृत्ती कायम वापरण्याचा हक्क दिला. अद्ययावत ठेवण्याच्या श्रमाचे मोल आणि ग्राहकाचा हक्क, दोन्ही त्यात सांभाळले जातात.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी परवान्याच्या अटींत दोन गोष्टी शोधा: मुदत संपल्यावर बसवलेली आवृत्ती चालू राहते का, आणि नव्या संगणकावर ती पुन्हा बसवता येते का. दुसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात. परवान्याची पडताळणी कंपनीच्या सर्व्हरवर होत असेल, तर सुट्या खरेदीलाही हाच प्रश्न लागू पडतो.